थायरॉइड, नखं आणि त्वचा: थायरॉइडमुळे काय होतं, काय नाही, आणि रिपोर्ट कुठे फसतो

नखशिखांत (धागाकर्ता)

"नखं तुटतायत, थायरॉइड असेल का?" असे धागे सारखे निघतात, आणि तिसऱ्या प्रतिसादात कोणीतरी बायोटिनची (एका ब-जीवनसत्त्वाची) गोळी सुचवून मोकळं होतं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवू. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान पकडावा.

आधी हायपो, म्हणजे ग्रंथी मंद. थायरॉक्सिन (थायरॉइडचं हार्मोन) कमी पडलं की त्वचेच्या पेशी सावकाश बदलतात, घामाच्या ग्रंथी थंडावतात आणि हातापायांच्या त्वचेतला रक्तप्रवाह आखडतो. त्यामुळे त्वचा कोरडी, खरखरीत, फिकट आणि हाताला गार लागते. कोपर, नडगी आणि टाचा यांवर हे आधी दिसतं. चेहरा, विशेषतः पापण्या, सकाळी सुजल्यासारख्या वाटतात. ही सूज निव्वळ पाण्याची नसते. त्वचेच्या आतल्या थरात हायल्युरोनिक आम्लासारखे पदार्थ साठतात आणि ते पाणी धरून ठेवतात. म्हणून अंगठ्याने दाबलं तरी खळगा राहत नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पायावर येणारी सूज दाबली की खळगा राहतो. घरच्या घरी करता येणारा हा फरक आहे, पण निदान त्यावर थांबवू नये.

नखं हायपोमध्ये हळू वाढतात, ठिसूळ होतात, टोकाला पापुद्रे सुटतात, उभ्या रेषा ठळक होतात. हाताचं नख एरवी महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, पायाचं १ ते दीड. म्हणजे हाताचं नख पूर्ण बदलायला सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचं बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. थायरॉक्सिनची गोळी सुरू करून महिन्याभरात "नखांना काही फरक नाही" ही तक्रार म्हणूनच निरर्थक आहे. आज टोकाला जो भाग तुटतोय, तो मुळाशी तयार झाला तेव्हा गोळी सुरूच झालेली नव्हती.

हायपरमध्ये, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त चालते तेव्हा, सगळं उलट: त्वचा मऊ, गरम, ओलसर, तळवे लालसर, अंगभर खाज. नखं भराभर वाढतात पण खालच्या मांसापासून सुटतात. त्यावर वेगळं लिहितो.

---

चांदणी७

चांगला धागा. दोन शंका. नखाच्या मुळाशी चंद्रकोर दिसत नसेल तर थायरॉइड असतं असा मेसेज फिरतोय, त्यात तथ्य किती? आणि नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियम कमी असल्याचं लक्षण ना?

---

नखशिखांत

दोन्ही नाही. चंद्रकोर अंगठ्यावर स्पष्ट दिसते आणि करंगळीकडे जाता जाता कातडीखाली झाकली जाते. धडधाकट माणसाच्या करंगळीवरही ती बहुधा दिसत नाही. पांढरे ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाला बसलेल्या बारीक माराचे असतात: नखं कुरतडणं, क्यूटिकल मागे ढकलणं, टेबलावर बोटं आपटत राहणं. नख वाढेल तसा ठिपका पुढे सरकतो आणि कापला जातो. कॅल्शियमचा संबंध नाही. वयाबरोबर येणाऱ्या उभ्या रेषासुद्धा आजार नव्हेत.

---

अभंग_तळवा

मुळात नखं बघून थायरॉइड ओळखायचाच खटाटोप कशाला? टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन; ग्रंथी मंद असेल तर ते वाढतं, जास्त चालत असेल तर घटतं) करा, विषय संपला.

---

नखशिखांत

निदान टीएसएचवरच, वादच नाही. पण टीएसएच करायचं कोणाच्या मनात यावं, यासाठी खुणा माहीत हव्यात. त्यातली सगळ्यात दुर्लक्षित खूण म्हणजे प्लमरचं नख. मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांच्या नावाने ओळखलं जातं. हायपरमध्ये, बहुतेकदा अनामिका किंवा करंगळीपासून, नख टोकाकडून सुटू लागतं. नीट बघा: निरोगी नखात गुलाबी भाग आणि टोकाची पांढरी पट्टी यांच्यातली सीमारेषा गुळगुळीत कमानदार असते. सुटलेल्या नखात तीच रेषा वाकडीतिकडी होत मुळाकडे सरकते, पांढरा भाग रुंदावतो, आणि टोक किंचित वर उचललं जातं. खालच्या फटीत मळ साचतो आणि कितीही धुतलं तरी निघत नाही. "नखं कायम घाणेरडी दिसतात" एवढीच तक्रार घेऊन माणूस येतो. सोबत वजन घटणं, छातीत धडधड, हात थरथरणं, उकाडा सहन न होणं असेल तर टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) दोन्ही करून घ्यावं.

नख सुटण्याची कारणं मात्र बरीच आहेत. सतत ओल्यात काम, सोरायसिस, मार, जेल पॉलिश खरवडून काढणं, डॉक्सिसायक्लिन घेताना ऊन लागणं. एकच नख सुटलं असेल तर आधी मार किंवा बुरशी आठवावी.

---

गोळीबंद

बुरशीचं नाव निघालंच म्हणून. नख सुटलेलं दिसलं की टर्बिनाफाइन ही बुरशीविरोधी गोळी सुरू, हा प्रकार फार चालतो. २५० मिग्रॅ रोज, हातासाठी सहा आठवडे आणि पायासाठी बारा आठवडे, असा तो कोर्स असतो आणि यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं. नुसत्या अंदाजावर एवढं औषध घ्यायचं नाही. आधी नखाच्या खालचा भुसा खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) करावी. नमुना सुटलेल्या भागाच्या सगळ्यात आतल्या टोकापासून घ्यायला हवा, नुसतं टोक कापून दिलं तर बुरशी असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. बुरशीविरोधी लेप चालू असताना नमुना दिला तरी तेच. नख जाड, पिवळट आणि खाली भुसभुशीत चुरा असेल तर बुरशीची शक्यता जास्त. प्लमरच्या नखात असा चुरा सहसा नसतो, नख पातळच असतं.

सुटलेल्या नखाची काळजी:

सुटलेला भाग आखूड कापत राहा, म्हणजे कशात अडकून आणखी उचलणार नाही. फट सुईने, टूथपिकने, नेलकटरच्या टोकाने कोरू नका. प्रत्येक वेळी जोडलेला भाग अजून थोडा सुटतो. हात धुतल्यावर फट कोरडी करा. भांडी-कपड्यांसाठी रबरी हातमोजा घालायचा तर आत सुती हातमोजा हवा, नाहीतर आत घाम साचून उलटंच होतं. नखाखाली हिरवट-काळी छटा आली तर तो बहुधा स्यूडोमोनास जिवाणू, त्याला बुरशीचं मलम उपयोगी नाही. आणि डॉक्टरांकडे जाताना नेलपॉलिश काढून जा. रंगवलेल्या नखांवर कोण काय सांगणार!

---

खारेवारे

टाचांच्या भेगांबद्दल सांगा कोणीतरी. आमच्या कोकणात कोकमतेलाचा गोळा गरम करून भेगांत भरतात. थायरॉइडच्या भेगांना त्याचा उपयोग होतो का?

---

नखशिखांत

होतो, पण अर्धाच. कोकमतेल हे घट्ट स्निग्ध पदार्थाचं काम चोख करतं, ओल उडू देत नाही. पण आधीच साचलेली जाड कातडी ते विरघळवत नाही. त्यासाठी युरिया लागतं. क्रम असा: पाय कोमट पाण्यात १० मिनिटं, कडकडीत नको. ओल्या टाचेवर वजरी हलक्या हाताने, एकाच दिशेने. सगळी कातडी एका बैठकीत काढायची नाही, नाहीतर रक्त येतं. पाय टिपून लगेच २० ते २५ टक्के युरियाचं मलम, ते मुरलं की वरून कोकमतेल किंवा व्हॅसलिन आणि रात्रभर सुती मोजे. भेग उघडी, ओली किंवा रक्ताळलेली असेल तर युरिया आणि सॅलिसिलिक आम्ल दोन्ही झोंबतात. तिथे आधी नुसतं व्हॅसलिन लावून भेग मिटू द्यावी. मधुमेह असेल तर वजरी घरी वापरू नये.

बाकी अंगासाठी ५ ते १० टक्के युरियाचं लोशन पुरतं. अंघोळ कोमट पाण्याने, १० मिनिटांच्या आत, फेसाळ साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. अंग टिपून ते थोडं ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत मलम लावायचं. पूर्ण वाळलेल्या अंगावर लावलेल्या मलमाचा तेवढा उपयोग होत नाही. खोबरेल तेलही चालतं, पण अंघोळीनंतर. अंघोळीआधी चोळून मग साबणाने धुऊन टाकलं तर हाती फार काही राहत नाही.

---

रक्तरेषा

आता बायोटिनवर सविस्तर लिहितो, कारण नखांसाठी घेतलेली ही गोळी थायरॉइडचा रिपोर्टच बिघडवते आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

बायोटिनची दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आहे आणि ती जेवणातून भागते. केस-नखांच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम. गरजेच्या साधारण १७० ते ३३० पट.

लॅबमधल्या अनेक यंत्रांची पद्धत बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या पकडीवर चालते. टीएसएच मोजताना त्याला बायोटिन जोडलेली अँटिबॉडी चिकटवतात आणि स्ट्रेप्टाव्हिडिनचा थर दिलेल्या कणांवर ती जोडी पकडतात. रक्तातच मोकळं बायोटिन भरपूर असेल तर ते त्या जागा अडवून बसतं, जोडी वाहून जाते, सिग्नल कमी येतो. यंत्र म्हणतं टीएसएच कमी. फ्री टी४ आणि फ्री टी३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) यांच्या मोजणीत हिशोब उलटा असतो: सिग्नल जितका कमी तितकं हार्मोन जास्त. म्हणून ते खोटेच वाढलेले दिसतात. टीएसएच रिसेप्टरविरोधी अँटिबॉडीची तपासणीही अशीच खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तिन्ही एकत्र पाहिले की कागदावर हुबेहूब ग्रेव्हज् आजार (अँटिबॉडी थायरॉइडला जास्त चालवतात तो हायपर) उभा राहतो, माणूस मात्र ठणठणीत.

हायपोच्या रुग्णात हे जास्त घातक. टीएसएच खोटं कमी आलं, की "डोस जास्त होतोय" म्हणून गोळी कमी केली जाते. मग खरोखरच थायरॉक्सिन कमी पडतं, नखं आणखी तुटतात, आणि माणूस बायोटिन वाढवतो.

उपाय सोपा: तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद. १० मिलिग्रॅमहून मोठा डोस असेल तर किती दिवस थांबायचं ते लॅबला विचारा. मल्टिव्हिटॅमिन, "हेअर-स्किन-नेल" गमी, प्रोटीन पावडर यांच्या लेबलवरही बायोटिन शोधा. सगळ्याच यंत्रांवर हा घोळ होत नाही, पण आपलं रक्त कुठल्या यंत्रावर जाणार हे आपल्याला कुठे कळतं? अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, तो हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीवरूनही होता. तिथे खोटा कमी आकडा जिवावर बेतू शकतो.

---

अभंग_तळवा

हे खरंच माहीत नव्हतं. माझा वरचा "विषय संपला" मागे घेतो. पण मग बायोटिनने नखं सुधारतात तरी का?

---

रक्तरेषा

ज्याला खरी कमतरता आहे त्याची सुधारतात, आणि अशी कमतरता फार क्वचित. ठिसूळ नखांवर काही छोटे अभ्यास आहेत, पण थायरॉइड बिघडलेलं असताना त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ तपासा. हायपोमध्ये पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो, त्यातून लोह कमी होतं, आणि नखं चमच्यासारखी खोलगट होऊ शकतात. पाण्याचा थेंब नखावर ठरला तर समजा खोलगट आहे. चमच्यासारखं नख दिसलं की संशय आधी लोहावर, थायरॉइड त्याच्या मागे उभं असू शकतं. बी१२ कमी असेल तर बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडू शकते. शाकाहारी घरांत हे बरंच दिसतं. थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार आजारासोबत (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) बी१२ न शोषलं जाणारा पर्निशियस ॲनिमियाही येऊ शकतो, म्हणून मांसाहारी आहे म्हणून बी१२ सोडून देऊ नये.

---

गोळीबंद

आणि लोहाची गोळी लिहून दिली की पुढची चूक ठरलेली: सकाळी उठल्यावर दोन्ही गोळ्या एकदम. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवतात, मग दोन महिन्यांनी टीएसएच वर. मध्ये चार तासांचं अंतर हवं. थायरॉक्सिन पहाटे, लोह दुपारी, असं सोपं पडतं. ॲसिडिटीचं पातळ औषध आणि सोयाही त्यातच. चहा? थायरॉक्सिननंतर किमान अर्धा तास, जमलं तर तास. गोळी साध्या पाण्याबरोबर. पहाटे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, पण रोज एकच वेळ ठेवा. उपवासाच्या दिवशी गोळीला सुट्टी नसते, हेही सांगावं लागतं.

बाटली न्हाणीघरात किंवा गॅसच्या ओट्यावर ठेवू नका. ऊन, उष्णता आणि दमट हवा या तिन्हींनी औषधाचा जोर कमी होतो. पावसाळ्यात झाकण घट्ट लावा. डोस बदलला की टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी केलं तर आकडा अजून स्थिरावलेला नसतो.

---

चांदणी७

गोळी सुरू केल्यावर केस जास्तच गळतात, हे ऐकलंय. गोळीनेच गळतात का?

---

नखशिखांत

हायपोमध्ये बरेच केस विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन अडकतात. गोळी सुरू झाली की खालून नवा केस उगवतो आणि जुन्याला ढकलून बाहेर काढतो. त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांत कंगव्यात केस जास्त दिसू शकतात. या काळात गोळी सोडणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तरी केस गळतात, त्याचं उत्तर टीएसएच देईल. भुवयांचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होणं ही हायपोची जुनी खूण, पण थ्रेडिंगच्या काळात तिची किंमत उरलेली नाही. टाळूवर नाण्याएवढी गुळगुळीत चकती दिसली तर ती चाई. ती वेगळी, पण थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार आजाराशी तिचं नातं आहे. कोडाचंही तसंच. कोड किंवा चाई असलेल्या माणसाने टीएसएच करून ठेवावं.

तळवे पिवळे दिसत असतील तर डोळे बघा. डोळ्याचा पांढरा भाग पांढराच असेल तर कावीळ नव्हे. हायपोमध्ये यकृत बीटा-कॅरोटीनचं अ-जीवनसत्त्वात रूपांतर सावकाश करतं, म्हणून गाजर, पपई, आंबा जास्त खाल्ले की तळहात-तळपाय पिवळट होतात.

---

खारेवारे

आणि मानेवरचा काळेपणा? त्यालाही थायरॉइडच म्हणतात लोक.

---

नखशिखांत

मानेवर, काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा असेल तर संशय इन्शुलिन रेझिस्टन्सवर, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही यावर. साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), वजन, पीसीओएस (बीजकोशांचा हार्मोनचा विकार) हे बघा. मळ समजून घासू नका, घासून तो गडद होतो.

---

अटलांटिक

ग्रेव्हज् वाल्यांसाठी एक. नडगीवर जाड, लालसर-तपकिरी, संत्र्याच्या सालीसारखे ठिपके असलेले चट्टे आले तर तो प्रीटिबियल मिक्झिडिमा. गोंधळ असा की हार्मोन नॉर्मल झाल्यावरही तो येतो, कारण तो हार्मोनमुळे नाही तर अँटिबॉडीमुळे होतो. बहुतेकांना सोबत डोळ्यांचा त्रास असतो. सौम्य असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. वाढत असेल तर जोरकस स्टेरॉइड मलम, कधी त्यावर प्लास्टिकची पट्टी बांधून, तेही त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. धूम्रपान सोडणं हा उपचाराचाच भाग. बायोप्सीचा हट्ट धरू नका, नडगीवरची जखम भरायला वेळ घेते. बोटांची टोकं फुगून नखं गोलाकार झाली तर ती ॲक्रोपॅची. ती अगदी विरळ, आणि फुप्फुसाची तपासणी केल्याशिवाय थायरॉइडवर ढकलू नये.

---

गोळीबंद

ग्रेव्हज् च्या गोळीबद्दलही बोलून घेऊ. कार्बिमॅझोल (अमेरिकेत त्याऐवजी मेथिमॅझोल) सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ किंवा पित्त उठू शकतं. सौम्य असेल तर डॉक्टर अँटिहिस्टामिन देऊन गोळी चालू ठेवतात. पण ताप, घसा दुखणं, तोंडात फोड यांपैकी काहीही झालं तर ती ॲलर्जी समजून बसू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजा. त्या धोकादायक पातळीला उतरू शकतात, आणि बहुतेकदा हे पहिल्या तीन महिन्यांत होतं.

गरोदरपणाचा बेत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमॅझोल घेतलं तर बाळाच्या टाळूवर त्वचाच तयार न होण्याचा दोष येऊ शकतो, म्हणून त्या काळात बहुधा प्रोपिलथायोयुरॅसिल हे दुसरं औषध देतात.

---

चांदणी७

शेवटचा प्रश्न. टीएसएच ५ ते १० च्या मध्ये, फ्री टी४ नॉर्मल, आणि त्वचा कोरडी. गोळी घ्यावी का?

---

रक्तरेषा

आधी सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासा. एवढं वाढलेलं टीएसएच बऱ्याचदा आपोआप खाली येतं. सोबत अँटी-टीपीओ (थायरॉइडविरोधी अँटिबॉडीची तपासणी) करा. ते पॉझिटिव्ह असेल तर पुढे खरा हायपो होण्याची शक्यता जास्त. ६५ वर्षांपुढच्या लोकांवरचा ट्रस्ट नावाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा सौम्य वाढीला थायरॉक्सिन देऊन लक्षणांत फरक पडला नाही. गरोदर किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या बाईचं गणित वेगळं, तिथे थांबायचं नाही. बाकीच्यांनी तेवढ्या काळात युरियाचं लोशन, कोमट पाणी आणि फेरिटिनचा रिपोर्ट एवढं करून बघावं. पुन्हा रक्त द्यायला जाल तेव्हा दोन दिवस आधी ती केसांची गमी बंद.